आप्पांचा उपाशी गडी

केजला आमी ज्यांच्या खोलीत भाड्यानं राहायचो ते भांड्यांचे दुकानदार व्हते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, वय साठीच्या पुढं, आन रोज दुपारी एक वाजता दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून ते व्हिडिओ गेम खेळायला बसायचे. एकच गेम. पाच वर्षं तोच. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची म्हणून मीबी आप्पाच म्हणायची.

तिथून निघून आता तीन वर्षं झाली. मांजरसुंब्याला आलो, हितं दारासमोरून दिवसभर ट्रका जातात, तरी दुपारी धाकटं मांडीवर झोपलं आन मी भिंतीला टेकले की माझ्या कानात त्या गेमचा बाजा सुरू व्हतो, पेटीसारखा, पण कुणी खोल आडात बसून पेटी वाजवावी तसा, आन डोळा लागायच्या आतच मी जिन्यावर आसते. काळा दगडी जिना. जांभळं आभाळ, त्याच्यात परातीयेवढा चांद, वर किल्ला, किल्ल्याच्या खिडक्यांत उजेड. धारूरचा किल्ला मी येष्टीतून लांबूनच पाह्यलाय, पण ह्या किल्ल्यातली कंची पायरी पाय ठेवला की ढासळते ते मी झोपेत सांगीन.

गेम आसा व्हता. लोखंडी टोप घातलेला एक माणूस हातात भाला घेऊन किल्ल्याच्या दारातून आत शिरतो आन वर चढत जातो. सापळे येतात, वटवाघळं येतात, मुंडकं नसलेले शिपाई येतात, कपाटातली पुस्तकं उडून अंगावर येतात, आन त्यानं सगळ्यांना चुकवत, मारत, उड्या टाकत पार वरच्या खोलीत जायचं, तिथं किल्ल्याचा मालक झोपलेला हाय, तो मरत न्हाई, रक्त पितो. आप्पा टोपवाल्याला गडी म्हणायचे. माझा गडी, शेतावरच्या सालगड्याला म्हणावं तसं.

"सोळा बिटाचा हाय," कुणी नवं माणूस आलं की आप्पा गेमच्या त्या काळ्या पेटीवर हात ठेवून सांगायचे.

"म्हंजे काय, आप्पा?"

"आठाच्या डबल."

त्याच्या पुढचं त्यांनाबी ठावं नसावं. पण सांगताना तोंड आसं करायचे की इचारणाराला वाटावं आपणच अडाणी.

पेटी आली कुठून ते मला आक्कानं सांगितलं. आक्का म्हंजे आप्पांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर माहेरी आलेली, घरचं सगळं तिच्या हातात. तवा केजला कुकर नवे नवे येत व्हते, टीव्हीवर जाहिराती यायच्या, बायका दुकानात येऊन ते शिट्टीवालं हाय का इचारायच्या. म्हणून आप्पा सोलापूरला कुकर आणायला गेलते. तिथं एका दुकानाच्या काचंत हा गेम चालू व्हता, आप्पा बघत उभे राह्यले ते दोन येष्ट्या गेल्या तरी तिथंच, आन तिसऱ्या येष्टीनं आले ते मांडीवर पेटी घेऊन.

"डझनभर कुकर आणायला गेला आन भुतं घेऊन आला," आक्का म्हणायची. "सोमवारी निघाला व्हता, देवाचा वार, त्याच्यामुळं मी काही बोलले न्हाई."

बोलली न्हाई हे खरं नसणार. आक्का न बोलता राहू शकत न्हवती.

दुपारचं जेवण झालं की आप्पा हात-पाय धुवायचे, पेटीवर बोटानं भस्माचा एक पट्टा ओढायचे, फक्त एक, आन चटईवर मांडी घालून बसताना आक्काला सांगायचे, गडावर जाऊन येतो. मी नवी व्हते तवा मला वाटलं आप्पा नारायणगडाला देवदर्शनाला निघाले, म्हणून मी दारातून हात जोडले आन माझ्या लेकरासाठी मागणं मागा म्हणलं. आप्पांनी माझ्याकडं पाह्यलं, पेटीकडं पाह्यलं, आन हसले न्हाईत. म्हणाले, "तिथं कोण मागणं ऐकणारा हाय ते अजून मला घावला न्हाई, घावला की मागतो."

माझी खोली मागं, घरातल्या चौकाच्या पलीकडं. मधल्या खोलीचं दार उघडं आसलं की टीव्ही मला सरळ दिसायचा. मी माझ्या उंबऱ्यावर लेकराला घेऊन बसायची. आमचे हे जीप चालवायचे, केज ते बीड, सकाळी गेले की दिवस मावळता यायचे, आन मला दिवसभर भ्या वाटायचं. कशाचंबी. लेकरू झोपलं तर श्वास चालू हाय का म्हणून भ्या, रडलं तर आक्का काय म्हणंल म्हणून भ्या. माझी पहिली बारा दिवसांची गेलती. सकाळी दूध पाजलं आन दुपारी न्हवती. ही दुसरी अकरा महिन्यांची झाली तरी तिचे हात माझ्या अंगठ्यायेवढे, नुसते डोळे मोठे, आन ती कुठं बघायची तर त्या टीव्हीकडं. निळा उजेड चौक ओलांडून तिच्या तोंडावर यायचा, मग जांभळा, मग हिरवा, बाजा वाजत राह्यचा, आन ती गप पडून आसायची, आन मलाबी वाटायचं आपण दोघी त्या भिंतीच्या आत कुठंतरी हाव, बाहेर ऊन हाय, टँकर यायचाय, पण हितं गार हाय.

किल्ल्यात एक दालन पाण्याचं व्हतं. वरून धबधबा, खाली पाणी, पाण्यावर चांदाचा उजेड. केजला उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा टँकर, आन तिथं रात्रंदिवस पाणी पडतंय, कुणी हंडा लावत न्हाई. तिथं आलं की आप्पा गड्याला उभा करायचे आन रिमोट मांडीवर ठेवून द्यायचे. बटणाच्या त्या ठोकळ्याला सगळे रिमोटच म्हणायचे. खेळायचं न्हाई, मारायचं न्हाई, नुसतं बघत बसायचं.

"दम खाऊ दे त्याला," म्हणायचे. "आन बघ पोरी, पाणी किती हाय त्या मालकाकडं. राखायला वटवाघळं. माणूस ठेवला आसता तर चार घरं पाणी प्याली आसती."

त्या मालकाचा आप्पांना राग न्हवता. स्वतः घरमालक आसल्यामुळं त्यांना त्याची फिकीर वाटायची. गड्यानं भाल्यानं मेणबत्त्या फोडल्या, खिडकीच्या काचा फोडल्या, की आप्पा तोंडानं च्च करायचे. "दुसऱ्याच्या घरात शिरलोय आपण, आन फोडतोय. त्याला काय वाटत आसंल." एका खोलीत रंगीत काचांचं देवघर व्हतं, आपल्या देवाचं न्हवतं, उंच उंच खांब, मधी कुणीतरी हात पसरलेलं. तिथं आले की आप्पा डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायचे, खोली संपली की परत घालायचे.

त्या पेटीत काहीच राखून ठेवता यायचं न्हाई. कुठवर गेलो ते तिला ध्यानात राह्यचं न्हाई. रोज पहिल्या दारापासून सुरू, आन केजची लाइट कवा जाईल ते देवाला ठाव. तीन मजले चढून घामाघूम झालेत, घंटेच्या मनोऱ्यात चाकांवरून उड्या टाकतायत, आन फट्ट, काळोख. मला रडू यायचं. आप्पा मुकाट तांब्यातलं पाणी प्यायचे.

"आप्पा, तुमाला बेजार न्हाई होत? पुन्हा पहिल्यापासून?"

"रोज सकाळी भस्म लावतो, ते काय कालचं पुसून गेलं म्हणून बेजार होतो का?"

आन मग, हे मी कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं, लाइट गेली तरी ते खेळायचे. टीव्ही काळा, पेटी मेलेली, आन आप्पा डोळे मिटून रिमोटवर अंगठे हलवत तोंडानं सांगत जायचे. "आता डावीकडं जिना. दोन सापळे, एक बसलेला. ह्यो मेला. आता पूल. पूल हलतोय." मी उंबऱ्यावरून ऐकायची आन मला लाइट आसताना दिसायचं त्याच्यापेक्षा जास्त दिसायचं, पुलाखालचं धुकं, त्या धुक्याचा वाससुद्धा. एकदा मधीच थांबले, अंगठे खाली ठेवले.

"काय झालं, आप्पा?"

"मेला."

"लाइट न्हाई, मेला कसा?"

"चुकलो मी. तिथं वटवाघूळ खालून येतं, मी वर बघत गेलो." आन पुन्हा पहिल्या दारापासून सांगायला लागले.

मला घाबरताना बघून म्हणायचे, "पोरी, घाबरायचं आसलं तर उभं राहून घाबर. पळू नको. उभं राहून बघ ते कसं येतं. प्रत्येकाची यायची रीत ठरलेली आसते. तीनदा बघितलं की कळतं." मी मान हलवायची. पण त्यांची वटवाघळं रोज त्याच खिडकीतून यायची, माझ्या भ्याची तशी खिडकी न्हवती.

आता ते मडक्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आलं.

त्या किल्ल्यात कुठं कुठं मडकी आसायची, भिंतीच्या कडेला. गड्यानं मडकं फोडलं की आतून भाजलेली कोंबडी निघायची, तंगड्या वर केलेली, वाफ येणारी. ती खाल्ली की गड्याचा जीव भरायचा. वर कोपऱ्यात जीवाच्या लाल काड्या आसायच्या, मार बसला की एक काडी कमी, कोंबडी खाल्ली की सगळ्या परत. सगळे खातात म्हणे, त्याच्यासाठीच ठेवलेली. आप्पा खायचे न्हाईत. मडकं फुटलं की गड्याला उडी मारायला लावून कोंबडीवरून पलीकडं न्यायचे. कोंबडी जरा वेळ लुकलुकायची आन जायची.

"गेमातली हाय, आप्पा," आमचे हे एकदा म्हणाले. "तिला ना वास ना चव."

"बटणावर हात माझाच हाय ना," आप्पा म्हणाले. "आन गळ्यात हे हाय."

म्हणून त्यांचा गडी उपाशी चढायचा. तीन-चार काड्यांवर वरच्या मजल्यावर जायचा आन तिथं मरायचा. मालकाच्या खोलीच्या दारापर्यंत पाच वर्षांत दोनदा पोचले, आन दोन्हीदा आत गेल्या गेल्या मेले. त्यांना त्याचं दुःख न्हवतं, उलट एक प्रकारचा ताठा व्हता. उपासानं चढतो माझा गडी, म्हणायचे.

आन ह्याच घरात मी अंडी उकडत व्हते.

खोली घेताना आक्का दारात उभी राहून म्हणाली व्हती, "मी जात इचारत न्हाई, चुलीवर काय चढतं ते इचारते. अंडं, मटण, मच्छी, दाराच्या आत न्हाई. आधीचा बँकेतला व्हता, चांगला माणूस, बोंबील भाजले, संध्याकाळी सामान बाहेर." आमचे हे म्हणाले आमच्यात कुणी हातबी लावत न्हाई. मी खाली बघितलं. खोली पायजे व्हती, दुसरी मिळत न्हवती.

मग सरकारी दवाखान्यात पोरीला काट्यावर ठेवलं, सहा किलोबी भरली न्हाई. सिस्टर चांगल्या व्हत्या, ओरडल्या न्हाईत. म्हणल्या, "रोज एक अंडं दे, उकडून, आधी पिवळं कुस्करून. दोन महिन्यांनी आण. वजन हाललं न्हाई तर बीडला भरती करावं लागंल." भरती म्हणल्यावर मी पोरीला काट्यावरून उचलून घेतली. माझ्या पहिलीच्या वेळी सासूबाई म्हणल्या व्हत्या, दवाखान्यात नेली आसती तर तिथं गेली आसती. मला दवाखाना म्हंजे तेच वाटायचं.

तर मी रोज भाताच्या पातेल्यात एक अंडं टाकायची, वर झाकण, आन बाजूला लसणाची फोडणी जळेपर्यंत द्यायची, म्हंजे वासाला वास. आक्काचं नाक आसं व्हतं की गल्लीच्या तोंडाला कुणी काय तळतंय ते ती देवघरातून सांगायची. "लसूण लई खातेस गं तू," मला म्हणायची. मी म्हणायची, दूध येतं, आक्का. टरफलं कागदात बांधून ह्यांच्या जीपमधी. हे बीडच्या वाटंवर फेकून द्यायचे.

"मी ड्रायव्हर हाय का कोंबड्याचा हमाल," म्हणायचे. पण न्यायचे.

मग लग्नाची तिथ आली आन ह्यांना चार दिवसांचं भाडं मिळालं, लांबचं. टरफलं डब्यात साठली. डब्याला मुंग्या लागल्या. मुंग्यांची रांग माझ्या खोलीतून निघून चौकातून सरळ आक्काच्या देवघराकडं चालली व्हती, मी ती पुसायची, ती पुन्हा लागायची, आन मला वाटलं ही रांग आक्काला बोट धरून माझ्या डब्याकडं आणणार. दुपारी आक्का लवंडली व्हती, आप्पा किल्ल्यात. मी टरफलं चुरली आन चौकात एक रंगाचा अर्धा ड्रम व्हता, त्याच्यात माती मऊ दिसली, तिथं उकरून पुरली.

त्या ड्रमातली पानं झडलेली काटकी म्हंजे बेल व्हता. आक्काचा बेल, सोमवारच्या पूजेचा. हे मला कळलं तवा माझे हात कोपरापर्यंत मातीत व्हते. मी काढायला पाह्यजे व्हती. पण आक्काची कूस बदलल्याचा आवाज आला आन मी माती सारखी करून पळाले.

वाईट म्हंजे बेल फुटला. दोन वर्षं मरगळलेलं झाड, त्याला दोन-तीन आठवड्यांत कवळी कवळी पालवी आली. आक्का इतकी खूश की मला हाक मारून दाखवलं. "बघ, देव पावला औंदा." तीन सोमवार ती पानं तिनं पिंडीवर वाहिली. तिन्ही सोमवारी मी खोलीत बसून दात दाबून धरले.

चौथ्या सोमवारच्या आधी तिनं खुरपं घेतलं, झाड चांगलं आलंय तर आळं करावं म्हणून. दुपारचीच येळ. लाइट गेलेली, आप्पांचा आवाज येत व्हता, पूल, जिना, सापळा. मी उंबऱ्यावर पोरीला पाजत व्हते. आक्काचं खुरपं थांबलं. ती बराच वेळ वाकूनच राह्यली. मग पदरात काहीतरी घेऊन माझ्यासमोर आली.

"हे काय हाय?"

मी पोरीला पदराखाली आणखी ओढली.

"कावळ्यानं आणलं का?"

"पोरीसाठी, आक्का. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणल्या."

"मला सांगितलं न्हाईस कावून?"

"तुमी काढलं आसतं."

"आन आता काय ठेवणार हाय व्हय?" तिचा आवाज चढला न्हाई, तेच भ्या वाटण्यासारखं व्हतं. "माझ्या देवाच्या झाडात. तीन सोमवार मी ही पानं वाहिली. आज संध्याकाळी तुझा नवरा आला की सामान बांधा." आन ती तशीच पदर धरून मधल्या खोलीत गेली. मी पोरीला घेऊन मागं गेले, का गेले ते मला ठाव न्हाई, हात जोडायला एक हात मोकळा न्हवता.

आप्पा चटईवर डोळे मिटून बसले व्हते. रिमोट हातात, अंगठे चालू. आक्कानं सगळं सांगितलं, अंडी, बेल, सोमवार. ते ऐकत व्हते का ते कळत न्हवतं.

"बेल वाळला का?" त्यांनी इचारलं.

"वाळला कुठं. फुटलाय चांगला."

"मग देवानं घेतली पानं."

"ते देवाचं देव बघंल. तू मालक हायस घराचा, तू सांग हिला."

"थांब आक्का. गडी मरायला आलाय."

"लाइट कुठं हाय?"

"तरी मरायला आलाय. एक काडी राह्यली. समोर मडकं हाय."

आक्का माझ्याकडं बघायला लागली. मी खाली बघितलं. खोलीत काळोख व्हता, टीव्हीच्या काळ्या काचंत आमी तिघं दिसत व्हतो, पोर धरून चौघं, आन आप्पांचे अंगठे थांबले व्हते. मला तो जिना दिसत व्हता. मडकं, भिंतीवरची मशाल, आन त्याच्यापुढं एका काडीवर उभा राह्यलेला तो टोपवाला. मला वाटलं तोच आता मागं वळून सांगंल, बाई तू जा.

"पाच वर्षं ह्याला म्या उपाशी चढवला," आप्पा म्हणाले. डोळे मिटलेलेच. "लिंग माझ्या गळ्यात. ह्याच्या गळ्यात काय हाय? लोखंड. मी ह्याला कधी इचारलं का तुझ्यात चालतं का न्हाई? माझा नेम, आन पोट ह्याचं. आन मी फुशारकी मारत फिरलो."

"काय बोलतोय तू," आक्का म्हणाली.

आप्पांचा उजवा अंगठा खाली गेला. मग डावा, थोडा. इतकंच. मेलेल्या पेटीचं बटण दाबल्याचा टक् आवाज आला.

"खाल्लं त्यानं," म्हणाले.

"बटण कुणी दाबलं?"

"मी."

"म्हंजे तू खाऊ घातलंस. स्वतःच्या हातानं."

"व्हय. खाऊ घातलं." मग डोळे उघडले आन पहिल्यांदाच पोरीकडं नीट बघितलं, तिच्या हातांकडं, पायांकडं. "हिच्या किती काड्या राह्यल्यात गं?" मला इचारलं.

मी म्हणलं, "सहा किलोबी न्हाई, आप्पा. दोन महिन्यांत हाललं न्हाई तर बीडला नेणार. दोन महिने भरायला सात दिवस हायेत."

आप्पा उठले, आडोशाला जाऊन हात धुतले, गळ्यातली डबी कपाळाला लावून बराच वेळ उभे राह्यले. त्या दिवशी ते पुन्हा जेवले न्हाईत, दुसऱ्या दिवशीबी न्हाई. कुणी सांगितलं न्हवतं. आक्कानं ताट दोनदा वाढलं, दोनदा परत नेलं. त्या दुपारी मात्र मी बोचकं बांधत व्हते, रडत व्हते, पोर माझ्याकडं बघत व्हती.

संध्याकाळी हे आले तवा आक्का दारात आली. ह्यांच्याकडं बघून म्हणाली, "हातबी लावत न्हाई म्हणाला व्हतास." ह्यांनी मान खाली घातली. मग माझ्याकडं वळली. "मागच्या भिंतीच्या बाहेर तीन दगड मांड. भांडं येगळं, ते घरात आणायचं न्हाई. टरफलं रोजच्या रोज लांब. मला दिसू नये, मला वास येऊ नये. आन एवढा लसूण जाळू नको, डोकं दुखतं माझं." आन गेली. दवाखान्याच्या दिवसापर्यंत माझ्याशी बोलली न्हाई. त्या बेलाचं पान तिनं पुन्हा तोडलं न्हाई, दुसऱ्याच्या परसातून मागून आणायची. झाड मात्र उपटलं न्हाई, पाणी घालायची.

भिंतीबाहेर तीन दगडांवर मी अंडं उकडायची तर वारा जाळ विझवायचा, मी पदरानं आडोसा करायची. एकदा मागं बघते तर आप्पा दुकानातलं एक नवं पत्र्याचं ताट घेऊन उभे. ते वाऱ्याच्या बाजूनं टेकवून ठेवलं आन दुकानात गेले.

दोन महिने भरले त्या दिवशी हे जीपवर, मी एकटी निघाले तर आक्का छत्री घेऊन संग आली. दवाखान्याच्या आत आली न्हाई, फाटकापाशी उभी राह्यली. काट्याची ती झोळी, पोर त्याच्यात लटकलेली, काटा हालतोय, थांबत न्हाई, मी डोळे मिटले. आप्पा म्हणाले व्हते उभं राहून घाबर, म्हणून मी उभी राह्यले, पण बघू शकले न्हाई.

"साडेसहा," सिस्टर म्हणल्या. "वाढतंय की. बीडची गरज न्हाई. चालू ठेव."

मी बाहेर आले, आक्काला सांगितलं. तिनं छत्री उघडली. तहसील कचेरीपर्यंत आलो तवा म्हणाली, "रोज एकच देतीस का?"

"एकच, आक्का."

"त्या बाईला इचारायचं ना, दोन चालतं का. जा, इचारून ये. मी थांबते."

घरी आलो तर लाइट व्हती आन आप्पा किल्ल्यात व्हते, घंटेच्या मनोऱ्यात, चाकांवर. मी दारातूनच म्हणलं, "साडेसहा भरली, आप्पा." मला वाटलं मान हलवतील, कारण मनोऱ्यात आसताना ते कुणाकडं बघत न्हवते. त्यांनी रिमोट चटईवर ठेवला. गेम चालूच. चाकं फिरतायत, गडी उभा, वरून वटवाघळं यायला लागली. आप्पांनी दोन्ही हात पुढं केले.

त्यांनी तिला कधी घेतलं न्हवतं. पूजा करणारा माणूस, लेकरू अंगावर मुतलं तर पुन्हा अंघोळ, मीच कधी जवळ नेलं न्हवतं. आन निघायच्या आधी मी तिला अंडं भरवलं व्हतं, तोंड पुसलं व्हतं पण घाईत. मी म्हणलं, "आप्पा, थांबा, तिचं तोंड धुवून आणते."

"दे," म्हणाले.

मी दिली. तिनं त्यांच्या गळ्यातली डबी धरली आन त्यांच्या गालाला तोंड लावलं, आसतं तसं, ओलं, उघडं तोंड. मला तिथून वास येत व्हता. त्यांना आला न्हाई आसं व्हणारच न्हाई. मागं टीव्हीवर गडी चाकावरून पडला आन मेला, बाजा थांबला. आप्पांनी वळून बघितलं न्हाई. त्यांनी तिला खाली ठेवली न्हाई, गाल पुसला न्हाई, तिला तशीच खांद्याला घेऊन ते चौकात उन्हात आले आन हळूहळू फेऱ्या घालायला लागले, आन दोन फेऱ्यांत ती झोपली.